कड्यावरची फीत

डोंगरातल्या उंबरदरीत स्वस्त इंटरनेट पोहोचल्याचं रणदिवेसाहेबांनी तालुक्यात बसूनच जाहीर करून टाकलं. वाडीत मात्र पंचायतीच्या भिंतीवर नुसती पेटी टांगलेली, आणि तिच्यात पालीनं संसार थाटलेला. सरपंच ठकूबाई हे सांगायला तालुक्याला गेल्या, तर साहेब खेकसले, "अहो बाई, आम्हाला शिकवू नका! नेट आलंय. आलंय तिथं फीत बांधा, सोमवारी मी कापायला येतो."

"बरं साहेब," म्हणून ठकूबाई परतल्या.

सोमवारी साहेब कडक इस्त्रीत, फोटोवाल्यांना घेऊन हजर. पंचायतीपाशी ना फीत, ना हार. ठकूबाईंनी वर बोट दाखवलं. थेट कड्याच्या टोकावर लाल फीत फडफडत होती.

"नेट आलंय तिथं बांधा म्हणालात. सगळी वाडी पालथी घातली, सापडलं ते तिथंच!"

फोटोवाल्यांसमोर मागं फिरायची सोय नव्हती. निम्म्या चढावरच साहेब धापा टाकत दगडावर बसले. "बाई, एवढं चढतं तरी कोण?"

"माझी सासू," ठकूबाई म्हणाल्या. "रेशनच्या मशीनवर अंगठा द्यायला दर महिन्याला चढते. उठा, वर कात्री घेऊन तीच तुमची वाट बघतेय."