पाच नारळ आणि पाहुण्यांची नजर

"वस्ताद, उद्या मी कोणते पाच गडी निवडणार, ते आजच लिहून द्या. नावंही बरोबर हवीत आणि क्रमही! एक जरी चुकलं, तरी तालमीला कुलूप आणि तुम्ही गावाबाहेर."

भैरोजीराजे एवढं बोलले आणि शांतपणे विडा चघळू लागले. रखमाजी वस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. तसं ओढवून घेतलं होतं त्यांनीच. भर दरबारात ते बोलून गेले होते, "सरकार, हुतुतूत आपण सात वर्षं हरतोय, कारण आपली निवड चुकतीय." आता राजाची निवड चुकते, हे राजालाच सांगायला गेलं की दुसरं काय होणार?

चिंचणगडच्या जत्रेतली रीत अशी होती. भैरोजीराजे आणि शेजारच्या गडाचे निंबाजीराव समोरासमोर गाद्यांवर बसत. मधे वीस गडी उभे राहत. राजाने पाळीपाळीने नारळ फेकायचा. ज्याच्याकडे फेकला, तो गडी त्या राजाचा. पहिला नारळ यजमानांचा. पाच-पाच गडी झाले की लगेच सामना.

वस्ताद घरी आले तेव्हा त्यांची लेक म्हाळसा ताक घुसळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, सरकार गडी निवडत्यात तरी कसं?"

"कसं म्हंजे? पाव्हणं ज्याच्याकडं बघतील, त्यालाच आधी उचलत्यात. निंबाजीरावांना मिळाया नको, बास! मग त्यो लंगडा असला तरी चालतोय."

"आणि निंबाजीराव?"

"त्यांना वजन लागतं. पोट सुटल्यालं दिसलं की टाकला नारळ."

म्हाळसाने रवी थांबवली. "मग सोपं हाय की. तुमाला हवं असल्यालं पाच गडी सांगा, चिठ्ठीत तेवढंच लिहू."

"मला हवं असल्यालं? अगं, ती काटकुळी पोरं! दम दांडगा हाय त्यांचा, पर त्यांच्याकडं ढुंकून बघनार कोन?"

"बघतील. उद्या पाव्हण्यांना ताक मीच देनार न्हवं?"

पाहुण्यांना ताक देण्याचा मान वस्तादांच्या घरचाच होता. संध्याकाळी दिवाणांनी चिठ्ठीवर लाख लावली आणि ती आपल्या पगडीत खोचली.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं. भैरोजीराजांनी नारळ हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे डोळ्याच्या कोपऱ्यातून समोरच्या गादीकडे पाहिलं. त्या गादीमागे म्हाळसा निंबाजीरावांचा चांदीचा तांब्या घेऊन उभी होती. ती हळूच वाकली.

"सरकार, डावीकडनं तिसरा बघितला का? सिदू त्याचं नाव. आज सकाळी पैजेवर बावीस पुरणपोळ्या खाल्ल्यात त्यानं."

"त्या काडीनं?" निंबाजीरावांचे डोळे विस्फारले.

झालं! पलीकडून नारळ सुटला. "सिदू माझा!"

निंबाजीरावांनी आपला एक ढेरपोट्या निवडला. पुन्हा भैरोजीराजांची पाळी आली.

"सरकार, त्या कोंडीबाच्या खांद्यावर सरडा बसलाय जनू."

निंबाजीराव मान वाकडी करून सरडा शोधू लागले. कोंडीबा भैरोजीराजांचा झाला.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "त्यो भिकू कान हलवतोय बरं का. जरा दम धरा, आत्ता हलवंल." निंबाजीराव पापणी न लववता बघत राहिले. भैरोजीराजांना एवढा धीर कुठला? भिकूही गेला.

चौथा मारुती. "त्यो तुमच्या सासुरवाडीचा म्हनं, सरकार." सासुरवाडी म्हटल्यावर निंबाजीराव गादीवरून अर्धे उठलेच. पलीकडे राजे पूर्ण उठले आणि नारळ दोन्ही हातांनी फेकला!

पाचवा राहिला हैबती, पाय धनुष्यासारखे वाकडे. पण घात झाला. दर पाळीला ताक पिऊन सुस्तावलेले निंबाजीराव घोरू लागले. भैरोजीराजे नारळ घेऊन कासावीस. बघेना कुणी, तर निवडायचं कसं? वस्तादांनी डोळेच मिटून घेतले.

म्हाळसाने तांब्या कलंडवला. गार ताक निंबाजीरावांच्या पायावर सांडलं, आणि रिकामा तांब्या तिने असा सोडला की तो घरंगळत थेट हैबतीच्या पायाशी गेला.

"अरे, माझा तांब्या!" निंबाजीराव दचकून उठले आणि बोट दाखवू लागले.

राजांना दिसलं फक्त बोट. "हैबती माझा!"

सामना लगेच झाला. काटकुळ्यांनी हुतुतू करत दम असा धरला की ढेरपोटे धापा टाकत खाली बसले. सात वर्षांनी चिंचणगड जिंकला. भैरोजीराजे मिशीला पीळ देत ओरडले, "बघितलीत माझी पारख? हे कुणाला आधी लिहिता आलं असतं?"

दिवाणांनी लाख फोडून वाचलं, "सिदू, कोंडीबा, भिकू, मारुती, हैबती."

राजांची मिशी पिळायची राहून गेली. वस्तादांनी हात जोडून लेकीकडे बोट केलं.

"पोरी, माझ्या मनातलं तुला आदल्या दिवशी कळलं कसं?"

"तुमच्या मनात काय हाय, ते मी बघितलंच न्हाई, सरकार. पाव्हण्यांची नजर कुठं न्यायची, तेवढंच ठरवलं व्हतं. तुमचा नारळ तिच्या मागनं येतोय, ह्ये गावाला ठावं हाय."

"म्हणजे तुम्ही भिकूला हेरलं नव्हतंत?" राजांनी निंबाजीरावांना विचारलं.

"छे हो! मी त्याचे कान हलतात का, ते बघत होतो!"

मग भैरोजीराजे असे हसत सुटले की दिवाणांना त्यांना धरावं लागलं. "वस्ताद, पुढच्या वर्षीपासून नारळ तुम्हीच फेकायचे!" असं म्हणून त्यांनी तो चांदीचा तांब्या उचलला, मोहरांनी भरला आणि म्हाळसाच्या हाती दिला.

"अहो, तो तांब्या माझा आहे!" निंबाजीराव कळवळून म्हणाले.

"तुम्ही आत्ता त्याच्याकडे बघितलंत ना?" राजे डोळे पुसत म्हणाले. "मग तो माझाच!"