पुठ्ठ्याच्या सहाजणी

फार जुनी गोष्ट नाही; पण हत्यारं ती जुनी म्हणूनच सांगतात. सुतारकाम सोडताना दौलत मिस्त्रींनी आपला रंधा हर्षदा आणि निनाद या दोघा तरुणांच्या फर्निचर स्टुडिओला देऊन टाकला. रंध्याला तिथे पहिल्या दिवसापासून काहीतरी काळंबेरं वाटत होतं. शिसवाची अस्सल फळी भिंतीला टेकून उभी, आणि ही दोघं पुठ्ठ्याची खुर्ची करत बसलेली!

“यांना लाकूडही नको, आपणही नको,” तो करवतीला म्हणाला. “फळी नुसती दाखवायला ठेवलीय.”

“जरा थांबून तर बघा, दादा.”

निनाद बसताच पुठ्ठ्याची खुर्ची मोडली. रंध्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हर्षदाने मोडलं तिथे खूण केली आणि दुसरी खुर्ची केली. तीही मोडली. अशा सहा मोडल्या, तेव्हा कुठे सातवी टिकली.

मग तशीच खुर्ची लाकडात करायला निनादने फळी आडवी ठेवली आणि रंधा उचलला. ‘इतके दिवस मला नुसतं बसवून ठेवलं ना, आता असा चरा पाडतो, की जन्मभर लक्षात राहील,’ रंध्याने ठरवलं.

फळी घाबरून म्हणाली, “मी एकटीच आहे. माझ्यावर चूक झाली तर?”

“भिऊ नकोस, बाई,” कोपऱ्यातली पहिली मोडकी खुर्ची म्हणाली. “तुझ्यावर व्हायच्या त्या सगळ्या चुका आमच्यावर होऊन गेल्यात.”

रंधा फळीवरून अलगद फिरला. चरा सोडाच, साधा ओरखडाही उठला नाही.

“काय दादा, बेत फसला वाटतं?” करवतीने विचारलं.

“कोपऱ्यात सहाजणी मोडून पडल्यात,” रंधा पुटपुटला. “त्यांना काय तोंड दाखवलं असतं?”