आज्ञेवाचून न हलणारे हात

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे विचारून बोलत, धवलसेन नावाचा राजा होता. राजा शूर, राजा कष्टाळू. पण त्याला दुसऱ्याचे काम म्हणून पसंत पडत नसे. माळी फांदी छाटू लागला की राजा म्हणे, "ही नव्हे, ती." आचारी फोडणी घालू लागला की राजा म्हणे, "मोहरी आधी." वीस वर्षे हे चालले. मग माळी कात्री धरून नुसता उभा राहू लागला, आचारी पळी धरून. आणि राजा कपाळावर हात मारून म्हणे, "एकालाही स्वतःचे डोके नाही! सगळे मलाच पाहावे लागते!" आता यावर हसावे की रडावे?

एके दिवशी तमिस्रा नावाची जादूगारीण तहानेने व्याकूळ होऊन वेशीवर आली. तिने पाणी मागितले. द्वारपाल म्हणाला, "थांबा बाई, महाराजांना विचारून सांगतो." राजा शिकारीला गेलेला. परवानगी आली तिसऱ्या दिवशी. तमिस्रा तडक दरबारात गेली आणि म्हणाली, "धवलसेना, आजपासून तुझ्या आज्ञेवाचून या राज्यात एकही हात हलणार नाही."

आणि हात थांबले.

पहिल्या दिवशी राजाला, खरे सांगायचे तर, बरेच वाटले. दुसऱ्या दिवसापासून तो उजाडताच सौधावर उभा राहून ओरडू लागला, "दळा! मळा! लाटा! जेवा!" जादूने त्याचा आवाज गावोगाव पोहोचे आणि तेवढेच काम होई. न्हाव्याला "आता डावा गाल" असे सांगावे लागे. महिनाभरात राजाचा घसा बसला, डोके फिरायची वेळ आली.

त्यातच राजकन्या इंदुमती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सुईण चंद्राक्का राजासमोर उभी राहिली.

"महाराज, बाळाला कसे धरायचे, नाळ कुठे कापायची, सगळे तुम्हीच सांगायचे. तुमच्या शब्दावाचून माझे हात हलायचे नाहीत."

किल्ला कसा घ्यावा ते राजाला ठाऊक होते. यातले त्याला ओ की ठो कळत नव्हते. लेक जाईल, आणि आपल्यामुळे जाईल, एवढे मात्र स्पष्ट कळले.

सौधाच्या कमानीत एक साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "राजा, तीन कामे तिघांना सोपव. काम सांग, रीत सांगू नकोस; सोपवलेल्या कामात त्यांचे हात आपोआप चालतील. तिन्ही पार पडली की शाप फिटेल. त्या कामांत एकदा जरी रीत सांगितलीस, तर सगळे हात कायमचे दगड होतील."

"एवढेच ना?" राजा म्हणाला.

साळुंकीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले. ती राजाला ओळखून होती.

पहिले काम आचारी गुंडभटाचे. "इंदुमतीचे डोहाळजेवण कर," राजा म्हणाला, आणि ओठ मिटले. गुंडभटाने आमटीत चिंचेऐवजी आमसूल घातले. आमसूल! जिभेच्या टोकावर आलेले शब्द राजाने आमटीबरोबर गिळले. इंदुमतीने दोनदा वाढून घेतले, तेव्हा तर त्याला जास्तच राग आला.

दुसरे काम गवंडी हणगोजीचे. "ओढ्यावर बंधारा घाल." हणगोजीने घातला आणि चौथ्या दिवशी तो ढासळला. ढासळणार हे राजाला पहिल्या दिवशीच दिसले होते. तो काठावर मुठी आवळून, दात खाऊन उभा राहिला. एक अक्षर बोलला नाही. हणगोजी दोन दिवस पडलेले दगड उलटेपालटे करून बघत बसला. मग त्याने पाया खोल खणला. बंधारा उभा राहिला, आणि राजाच्या मनातल्या बंधाऱ्यापेक्षा रुंद झाला.

तिसरे काम चंद्राक्काचे. एका सकाळी इंदुमतीला कळा सुरू झाल्या. राजा म्हणाला, "चंद्राक्का, माझ्या लेकीला सोडव," आणि दाराबाहेर बसला. दुपार झाली. आतले कण्हणे वाढत गेले. एकाएकी दार उघडले आणि घामाने भिजलेली चंद्राक्का बाहेर आली.

"महाराज, बाळ पायाळू आहे! फिरवू, की तसेच येऊ देऊ? सांगा लवकर!"

वीस वर्षांची सवय ती. अशा वेळी बरी सुटेल! राजाही सवयीचाच गुलाम. त्याचे तोंड उघडले. काहीतरी सांगितलेच पाहिजे, राजा आहे मी, असे त्याच्या मनात आले. आतून लेकीने किंकाळी फोडली.

"चंद्राक्का," राजा म्हणाला, "मला यातले काही कळत नाही. तुला कळते."

त्या सिंहासनावर बसलेल्या कोणीच असे वाक्य कधी उच्चारले नव्हते. चंद्राक्काने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. दार लागले.

राजाने भिंतीला डोके टेकले आणि तो लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळाने आतून बाळाचे रडणे ऐकू आले, मागोमाग इंदुमतीचे थकलेले हसणे. त्याच घटकेला खाली माळ्याची कात्री कोणालाही न विचारता कचकच चालू लागली, सुतारांचे वाकस वाजू लागले, गावोगाव जाती फिरू लागली. शाप फिटला.

चंद्राक्काने नातू आणून राजाच्या हातांत ठेवला.

"असा नव्हे, महाराज. मानेखाली हात घ्या. कोपर वर. आता हलू नका."

आणि राजा धवलसेन हलला नाही. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्या सर्वांना देव अशी एखादी चंद्राक्का देवो.