पाच वॉटची हाक

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका तालुक्याच्या गावी रमाकांत टेंभेकर नावाचे गृहस्थ राहत असत. साखर कारखान्यातली मोठी नोकरी संपवून ते घरी बसले होते. घरी बसले होते, पण गप्प बसले होते असं समजू नका. त्यांच्याकडे रेडिओचा संच होता. गाणी ऐकायचा नव्हे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग आपण बोलायचं आणि दूरच्या गावच्या माणसाने उत्तर द्यायचं, असा हौशी लोकांचा संच. टेंभेकरांचा संच चारशे वॉटचा. गच्चीवर माडापेक्षा उंच मनोरा. ते बटण दाबून नुसते खोकले तरी तो खोकला तीन राज्यांत ऐकू जाई.

अशा हौशी मंडळींचा एक क्लब होता आणि टेंभेकर त्याचे अध्यक्ष होते. रोज सकाळी साडेसातला ते हवेवर हजेरी घेत. बावीस सभासद आपापल्या गावी संच उघडून बसत आणि आपला नंबर आला की ओ देत.

या हजेरीचा एक जुना रिवाज होता. क्लबाच्या पहिल्या अध्यक्षांनी तो घालून दिला होता. हजेरी सुरू करण्याआधी, आणि पुढे दर पाच नावांनंतर, अध्यक्षाने विचारायचं, "कुणी अडचणीत आहे का? कुणी लहान संचावरून बोलतंय का?" मग बटणावरचं बोट उचलायचं आणि मनात सावकाश दहा अंक मोजायचे. का, तर या संचांची घडणच तशी आहे. बोलायचं बटण दाबलेलं असेतो संचाला काही ऐकू येत नाही. ज्याला ऐकायचं असेल, त्याला बोट उचलावंच लागतं.

टेंभेकरांनी आधी दहाचे पाच अंक केले. मग पाचाचे तीन. मग एक दिवस म्हणाले, "इतक्या वर्षांत एकाने तरी हाक दिली का? उगाच वेळ जातो." आणि रिवाज काढून टाकला. दहा अंक हो! तेवढ्यात बशीतला चहासुद्धा निवत नाही. पण स्वतःच्या आवाजाची चटक लागलेल्या माणसाला तेवढंही सोसत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

त्या गावामागच्या डोंगरावर एक माची होती. माचीवर गवळी धनगरांची चौदा घरं. रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. उतरायची एकच पायवाट, तीही डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, अडीच तासांची. तिथे सगुणा ढेबे नावाची आशा सेविका होती. घरोघरी गोळ्या द्यायच्या, बाळंतिणींची विचारपूस करायची, हे तिचं काम. एकदा क्लबाचं शिबिर भरलं, तेव्हा ती डोंगर उतरून शिकायला गेली. परीक्षेला बसली. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. मग मानधनातून साठवून तिने एक लहान संच घेतला.

संच जेवणाच्या डब्याएवढा. ताकद पाच वॉट. म्हणजे घरातल्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. पण सगुणाने तो पाळला. हो, पाळलाच. गोळ्यांच्या पिशवीत एका बाजूला गोळ्या, एका बाजूला संच. दोरीला दगड बांधून ती उंबराच्या फांदीवर फेकायची, दोरीमागून तार वर ओढायची आणि बोलायची. सौरपाटी उन्हात धरून बॅटरी भरायची. लहान संचवाल्याला फार ऐकावं लागतं. मोठ्यांचं बोलणं कुठे थांबतंय ते टिपायचं, तेवढ्या फटीत आपलं नाव घालायचं, प्रत्येक शब्द दोनदा म्हणायचा. सगुणाला हे सगळं जमू लागलं होतं. कधी कोकणातून, कधी सोलापुराकडून कुणी तिला ओ देई.

टेंभेकरांना मात्र तिचं हसू येई. एकदा तिने हजेरीत नाव दिलं तर साहेब हवेवरच म्हणाले, "ताई, हा काजवा घेऊन कुठे आलात? नीट मोठा संच घ्या, मग या." सभासद हसले. आपल्याकडे अध्यक्ष हसले की सभासदांना हसावंच लागतं. त्यानंतर सगुणाने हजेरीत नाव दिलं नाही, पण ती रोज ऐकत राहिली. कारण सकाळी साडेसातला संचाच्या काट्यावरच्या त्या एकाच जागेवर बावीस माणसं कान देऊन बसलेली असत. बाकी हवा तेव्हा रिकामी असे.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास सगुणाची धाकटी नणंद बायजा गवत आणायला गेली. थंडीत घोणस उन्हाला येऊन पडते. बायजाचा पाय तिच्यावर पडला आणि घोट्याजवळ दंश झाला. बायजा एकोणीस वर्षांची. माचीवरचा खवा डोक्यावर घेऊन रोज अडीच तास डोंगर उतरणारी आणि तेवढाच चढणारी. तिच्या त्या दोन पायांवर चार घरांचा खवा बाजाराला जात होता.

सगुणाच्या नवऱ्याने, बिरूने, तीन माणसं घेऊन डोली बांधली. सगुणाने बायजाचा पाय हलू नये म्हणून फळी बांधली आणि म्हणाली, "तुमी निघा. खाली गाडी उभी पायजेल. ती मी बोलावते."

पलीकडच्या त्या पायथ्याला ना घर, ना दुकान, ना रेंज. तिथून दवाखाना गाडीने तासाभरावर. दवाखान्यात सापाच्या विषावरची लस होती आणि दारात तालुक्याची एकुलती एक रुग्णवाहिका उभी होती. डोली खाली पोचेल तेव्हा ती गाडी तिथे असली, की बायजाचा पाय वाचणार. एवढंच काम होतं. कुणीतरी ऐकायचं आणि एक फोन करायचा.

सगुणाने तार टाकली आणि हजेरीच्या जागेवर संच लावला. साडेसात झाले होते.

त्याच दिवशी क्लबाचा रौप्यमहोत्सव होता. टेंभेकरांनी हजेरीआधी क्लबाचा इतिहास वाचायला घेतला. इतिहास म्हणजे साहेबांचाच. पहिला मनोरा, दुसरा मनोरा, मिळालेली पदकं, मंत्र्यांबरोबरचा फोटो. हवेवर फोटो दिसत नाही, तरी त्याचंही वर्णन झालं. सोळा मिनिटं बोट बटणावरून हललं नाही. ते उचललं तेव्हा लगेच पहिल्या सभासदाने अभिनंदन सुरू केलं. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने.

आणि प्रत्येक दोघांच्या मधल्या फटीत एक बारीक आवाज येत होता. "मदत हवी. मदत हवी. माची. माची. साप चावला. साप चावला. पायथ्याला गाडी. पायथ्याला गाडी."

टेंभेकरांना नुसती खरखर ऐकू आली. ते म्हणाले, "कोण मध्येच घरघर करतंय? आज शिस्त पाळा." संचावर एक खुंटी असते. ती फिरवली की बारीक आवाज गळून जातात आणि फक्त दणकट तेवढे उरतात. साहेबांनी ती खुंटी फिरवली. आता त्यांना कसली म्हणून खरखर राहिली नाही. अभिनंदन अगदी स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

सगुणा चाळीस मिनिटं हाका मारत होती. तिचा घसा बसला. डोली कुठवर उतरली असेल याचा हिशेब ती मनात करत होती आणि फट आली की पुन्हा बटण दाबत होती. सव्वाआठला रुग्णवाहिका दवाखान्याच्या दारातून निघाली आणि बाळांच्या लसीचे डबे घेऊन तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथेही रेंज नव्हती.

त्यानंतर थोड्याच वेळात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्या अब्बास मुकादमने आपला संच उघडला. त्याचाही संच पाच वॉटचाच. लहान आवाज कसा ऐकायचा हे त्याला ठाऊक होतं. एका फटीत त्याने सगुणाची हाक धरली आणि पुढच्या फटीत ओरडला, "थांबा, थांबा! बारीक स्टेशन आहे, सर. माचीवर साप चावलाय म्हणतायत!"

"मुकादम," टेंभेकर म्हणाले, कारण खुंटी फिरवल्याने त्यांना स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं, पण मोठ्या संचाच्या एका सभासदाने 'मुकादम मध्येच बोलतोय' एवढं कळवलं होतं, "नंबर आल्यावर बोला."

अब्बासने पुढे एक शब्द वाया घालवला नाही. त्याने संच ठेवला, मोबाइल उचलला आणि दवाखान्याचा नंबर शोधून फोन केला. दवाखान्याच्या माणसांनी धावाधाव केली. पण गाडी गेली होती. दुसरी जीप मिळायला साडेदहा वाजले.

डोली पावणेदहाला पायथ्याशी पोचली. बिरू आणि ते तिघे बायजाला मांडीवर घेऊन पावणेदोन तास रस्त्याकडे बघत बसले. पाय मांडीपर्यंत सुजला होता. ती पाणी मागत होती आणि मध्येच विचारत होती, "वैनीनं सांगितलंय न्हवं गाडीला?" "सांगितलंय," बिरू म्हणायचा. त्याला कुठे ठाऊक होतं, की सांगून झालंय पण ऐकून झालेलं नाही.

बायजा जगली. पाय घोट्यापासून काढावा लागला.

आता पुढचं ऐका, म्हणजे माणूस किती निगरगट्ट असू शकतो ते कळेल. हौशी रेडिओवरच्या हाकेने एक मुलगी वाचली, अशी वर्तमानपत्रात बातमी आली. लगेच टेंभेकरांनी सभा बोलावली. फलक लावला, 'आपल्या क्लबाची जीवनदायी कामगिरी'. सगुणाला सत्काराचं निमंत्रण गेलं. शाल, नारळ, मानपत्र. वरातीमागून घोडं, तेही घुंगरू बांधून!

सगुणा आली. टेंभेकर अर्धा तास बोलले. लहान संचाचं महत्त्व आपण पहिल्यापासून कसं ओळखलं होतं, हे सांगताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मग त्यांनी शाल उलगडली.

सगुणाने हात आडवा केला. "शाल ऱ्हाऊ द्या, सायेब. आधी एक इचारायचंय."

"विचारा की, ताई."

ती साहेबांकडे न बघता खुर्च्यांकडे वळली. "त्या दिशी माझी हाक कुणाकुणाला ऐकाया आली व्हती? खरं सांगा. हात वर करा."

 मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. मग दुसरा. मग तिसरा. एकेक करून सात हात झाले.

टेंभेकर लालबुंद झाले. "अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

पोस्टातून निवृत्त झालेले केळशीकर उभे राहिले. "नंबर आला नव्हता, साहेब."

"आन् आला तवा?" सगुणाने विचारलं.

केळशीकरांनी मान खाली घातली. "आला तेव्हा मी अभिनंदन केलं."

 सगुणाचा आवाज त्या दिवशी बसला होता तो अजून पुरता सुटला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचला. "सायबाचं बोट बटणावर व्हतं. त्यास्नी ऐकाया आलं न्हाई. तुमास्नी आलं व्हतं. हजार येळा ऐकलंसा आन् नंबर धरून बसलासा. बायजाचा पाय सायबापरास तुमी जास्त तोडलाय."

एवढं बोलून ती निघून गेली. शाल टेंभेकरांच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला टेंभेकरांनी हजेरी घेतली. चौदा जणांनी ओ दिली. हात वर करणाऱ्या सात जणांनी आणि अब्बासने दिली नाही. ते सातजण अब्बास मुकादमबरोबर काट्यावरच्या दुसऱ्या जागेवर बसले होते. तिथे आधी बोट उचलतात, मग बोलतात. केळशीकर रोज येतात, पण अजून त्यांना बायजाच्या घरी जायचा धीर झालेला नाही. न होवो. काही गोष्टींची लाज लवकर फिटू नये.

आणि टेंभेकर? एवढं झाल्यावर तरी ते काही शिकले असतील, असं तुम्हाला वाटत असेल. त्यांनी ते आठ नंबर तीन-तीनदा पुकारले. उत्तर आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "हल्ली हवाच खराब झालीय," आणि मनोरा आणखी वीस फूट वाढवायला माणसं बोलावली.

तात्पर्य: ज्याला ऐकू येत नाही तो एक वेळ सुटेल, पण ज्याने हाक ऐकली आणि आपला नंबर यायची वाट पाहिली, त्याला क्षमा नाही.