भिवराचं सहावं बोट

खूप खूप वर्षांपूर्वी, किती ते विचारू नका, कारण ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनाही ती वर्षं मोजता आली नव्हती, डोंगराच्या पायथ्याशी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी रंगाचे रांजण, दारोदारी वाळत घातलेली लुगडी, आणि लहानथोर सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले.

त्या गावाची एक रीत होती. कापड रंगवून झालं, की रंगाऱ्याने आपला उजवा हात रंगात बुडवायचा आणि कापडाच्या कोपऱ्यावर दाबायचा. तोच त्याचा ठसा. ज्याचा ठसा, त्याचं काम. मग ते चांगलं निघो की वाईट. दरबारातसुद्धा हाच कायदा चाले.

या गावात भिवरा जन्मली. नाकीडोळी नीटस, रडायला खणखणीत. फक्त उजव्या हाताच्या करंगळीला लागून एक इवलंसं सहावं बोट होतं. सुईणीने बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि गप्प बसली. आता सुईण गप्प बसली म्हणजे काय, ते तुम्हीच समजा!

भिवरा सात वर्षांची झाली आणि तिने पहिला रुमाल रंगवला. ठसा उठवायला हात पुढे केला, तशी आई घाईघाईने म्हणाली, "भिवरे, ते बोट आत घे. तळव्याखाली दुमड."

"का गं आई?"

"लोक हसतील, बाळा."

आई काही वाईट नव्हती हो. आपल्या लेकीला कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात. पण त्या दिवशी पोरगी दोन गोष्टी शिकली. ठसा कसा उठवायचा ही एक, आणि आपल्या अंगात लपवण्यासारखं काहीतरी आहे ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी तिच्या जास्त पक्की लक्षात राहिली.

मग काय! पाणी भरायला गेली तरी हात पदराखाली. झिम्मा खेळायची वेळ आली, की हिचं पोट दुखायचं. हळदीच्या दिवशी बायका म्हणाल्या, "अगं, मूठ तरी सोड, हळद लागायची कशी?" तर ही बया मूठ सोडेना. लग्नानंतर चौथ्या दिवशी नवऱ्याला ते बोट दिसलं. तो म्हणाला, "एवढंच होय? मला वाटलं, काय मोठं लपवतेस." आणि पुन्हा भाकरी खायला लागला. त्याच्यापुरता विषय संपला. पण नवऱ्याने हसण्यावारी नेलं म्हणून मनातली लाज थोडीच जाते? ठसा उठवताना भिवरा बोट दुमडतच राहिली.

हात मात्र गुणी होता. मंजिष्ठेची मुळं उकळून ती असा लाल रंग काढायची, की लुगडं फाटून त्याच्या चिंध्या व्हाव्यात, पण चिंधीचा रंग विटू नये. राणीच्या लग्नाचा शालू तिने रंगवला. गावदेवीचं वस्त्र दर वर्षी तिच्याच हातचं. बोट आत दुमडल्यामुळे तिच्या ठशाची करंगळीकडची कड जराशी फिकी उठायची, आणि गिऱ्हाईक बाजारात तेवढंच बघायचं. "कड फिकी आहे ना? मग भिवराचंच. घ्या डोळे मिटून!"

अशी साठ वर्षं झाली. नवरा देवाघरी गेला, केस पांढरे झाले. दुमडून दुमडून त्या बोटाचा सांधा आखडला होता. दर ठशाला कळ थेट खांद्यापर्यंत जायची. तरी बाई दुमडायचीच. सवय वाईट असते हो, आणि लाजेची सवय तर सगळ्यांत वाईट.

बाजारात भानजी नावाचा कापडाचा व्यापारी होता. गोड बोलणारा, कपाळी भलं मोठं गंध. त्याने ती फिकी कड नीट पाहून ठेवली. कच्च्या रंगाचं कापड त्याने स्वस्तात आणलं आणि स्वतःचा बायकांसारखा लहानखुरा हात रंगात बुडवून, करंगळीकडची बाजू किंचित उचलून, ठसे मारत सुटला. कोठार भरलं. "भिवराचा माल" म्हणून कापड हातोहात खपू लागलं.

त्यातलाच एक लाल शेला राजवाड्यात गेला. राजपुत्राने तो पूजेला नेसलेल्या पांढऱ्या धोतरावर कमरेला बांधला. वरून अभिषेकाचं पाणी सांडलं, आणि पाहुण्यांदेखत राजपुत्राचं धोतर गुलाबी झालं! पाहुणे हसू दाबून दाबून लाल झाले. राणी संतापाने लाल झाली. शेला काही लाल राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिवराला दरबारात उभं केलं. शेजारी भानजी हात जोडून उभा.

"सरकार," तो म्हणाला, "हिच्याच दारातून उचललेला माल. आता वयोमानाने हात चुकत असेल बिचारीचा."

राणी म्हणाली, "भिवराबाई, खोटा रंग पक्का म्हणून विकणाऱ्याचे रांजण फोडायचे आणि त्याला पुन्हा रंगाला हात लावू द्यायचा नाही, हा या राज्याचा कायदा आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

रांजण फुटले तर भिवरा जगणार कशी? आणि त्याहून मोठं म्हणजे, जगून करणार काय? रंगाशिवाय तिला दुसरं काही येतच नव्हतं.

"राणीसाहेब, हा शेला माझा नाही. देवीची शपथ!"

"ठसा उठवून दाखवा."

रंगाची परात आली. भिवराने साठ वर्षांच्या सवयीने बोट दुमडलं, हात बुडवला, पांढऱ्या कापडावर दाबला. कारभाऱ्याने दोन्ही ठसे शेजारी शेजारी धरले. तीच पाच बोटं. तीच फिकी कड.

"हुबेहूब!" कारभारी म्हणाला.

भिवरा वाकून बघू लागली. एक ठसा तिचा, एक चोराचा. आणि काय सांगू तुम्हाला, तिचा कुठला ते तिचं तिलाच ओळखू येईना! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपला म्हणून आयुष्यभर जो हात जगाला दाखवला, तो आपला नव्हताच. तो कुणाचाही असू शकला असता. चोराला फक्त तिची लाज उचलावी लागली, बाकी सगळं आपोआप मिळालं.

तिने डोळे पुसले. पुन्हा परातीशी गेली, हात पुन्हा बुडवला. दुसऱ्या हाताने ते आखडलेलं बोट धरलं आणि हळूहळू सरळ केलं. कळ आली, तिने दात आवळले. आणि मग अख्खा पंजा कापडावर दाबला.

सहा बोटं! दरबारात खसखस पिकली.

"हे बोट आज उगवलं काय आजी?" एक शिपाई म्हणाला.

"माझ्याबरोबरच जन्मलंय ते," भिवरा म्हणाली. "साठ वर्षं मीच त्याला घरात कोंडून ठेवलं होतं. राणीसाहेब, हा माझा हात. शेल्यावरचा हात माझा नाही."

राणीने कपाळाला आठी घातली. "भिवराबाई, नीट विचार करा. माझ्या लग्नाच्या शालूवरही पाचच बोटं आहेत. देवीच्या वस्त्रावरही. हा ठसा तुमचा नसेल, तर ते कामही तुमचं नाही. कायदा दोन्हीकडे सारखाच लागतो. शेला नाकारायचा आणि शालू ठेवायचा, असं नाही चालणार."

भानजी गालातल्या गालात हसला. त्याला वाटलं, एवढं नाव टाकून द्यायला म्हातारी काही वेडी नाही.

भिवराने आपल्या रंगलेल्या हाताकडे पाहिलं. आयुष्यभराचं काम! तो शालू रंगवताना तिने सात रात्री चुलीपुढे काढल्या होत्या. पण पुन्हा ते बोट दुमडायचं, या विचारानेच तिला शिसारी आली.

"काढून टाका माझं नाव," ती म्हणाली. "शालूवरून काढा, वस्त्रावरून काढा. रंग माझा होता हे त्या रंगाला माहीत आहे. मला फक्त माझे रांजण राहू द्या. मी आजपासून सुरुवात करते."

"या वयात?"

"हात तर आजच हाती आलाय, राणीसाहेब. आधी कशी करणार होते?"

राणीने ओल्या ठशाचं ते कापड जवळ मागवलं आणि बोटं मोजली. मग तिने निवाडा दिला. भिवराचे रांजण शाबूत राहतील. जुन्या कुठल्याही कामावर तिचा हक्क नाही. आणि फिक्या कडेचा पंजा आता कुणाचाच नाही, म्हणून तो ठसा असलेलं कापड यापुढे राज्यात कुणी विकायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकलं आणि भानजीचं हसू मावळलं. कोठारभर माल! विकता येईना, आणि "ठसे माझेच आहेत" असं म्हणायची सोय नाही. तसं म्हटलं तर शेलाही त्याचाच ठरला असता. सगळा माल उंदरांनी खाल्ला आणि शेठजी गाव सोडून गेले.

भिवराचं पुढे काय झालं? सोपं नव्हतं हो. सत्तरीला टेकल्यावर ती बाजारात नवशिक्यांच्या रांगेत, अगदी टोकाला बसली. पहिल्याच दिवशी एक बाई लुगडं उलगडून ओरडली, "अगं बाई, याला सहा बोटं!"

"मोजलीत?" भिवरा म्हणाली. "बरं केलंत. पुढच्या वेळीही मोजूनच घ्या."

पहिला महिना लोक बघायला यायचे आणि हसून जायचे. भिवरा जागची हलली नाही. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी एक लुगडं नेलं, धुतलं, आपटलं, उन्हात टाकलं. रंग तसूभर हलला नाही. त्या बाईने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने जावेला. पुढल्या दसऱ्याला गावदेवीच्या वस्त्रासाठी गावकरी तिच्या दारात आले. तिने ते रंगवलं आणि सगळ्यांसमोर कोपऱ्यावर हात दाबला, पूर्ण, सहाच्या सहा बोटांनी. कुणी हसलं नाही. आणि कुणी हसलं असतं, तरी तिने हात मागे घेतला नसता.

मंडळी, लक्षात ठेवा: जो लाजेपायी अंग चोरून जगतो, त्याचं नाव कोणीही चोरून नेतं, आणि जो आहे तसा समोर उभा राहतो, त्याचं नाव त्याच्याचपाशी राहतं.