पाण्याच्या टाकीवरचं वाक्य

ही गोष्ट बाहेर बोलू नकोस, असं मला आईनं बजावलेलं आहे. म्हणून हळू सांगते.

एका गावाच्या शाळेत एक भोळे गुरुजी होते. नाव सदोबा. सांगितलेलं ते तंतोतंत करायचे, हीच पंचाईत होती.

त्यांच्या वर्गातली पोरं एक शब्द लिहून थांबायची. मोठ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, शनिवारी साहेब तपासणीला येतील. तोवर पोरांना एकेक पूर्ण वाक्य लिहिता आलं नाही, तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा. डोळ्यांना दिसतं तेच लिहायला सांगा, जमेल."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात बकरी आणली. पोरांनी 'बकरी' एवढंच लिहिलं, तोवर बकरीनं वह्या खाल्ल्या.

"अहो, वर्गात आणलीत तर खिडकीला बांधायची," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बरं," गुरुजी म्हणाले.

मग हौशी नावाच्या पोरीचे आजोबा गोष्ट सांगायला वर्गात आले. गुरुजींनी त्यांना खिडकीला बांधलं.

"गुरुजी, मी कुठं पळतोय?"

"बकरीही आधी गरीबच दिसत होती, आजोबा."

आजोबा रुसले. गोष्ट सांगेनात. पाट्यांवर 'आजोबा' एवढंच राहिलं.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "दारात कोणी आलं की खुर्ची द्यावी, चहा द्यावा. हे पण मीच सांगू?"

"आता सांगितलंत ना," गुरुजी म्हणाले.

शुक्रवारी दारात माकड आलं. गुरुजींनी त्याला मोठ्या बाईंची खुर्ची दिली. चहा बशीत ओतून दिला. माकडानं चहा घेतला, जाताना बाईंचा चष्मा घेतला. पोरं बाकाखाली शिरली. पाट्यांवर नुसतं 'माकड'.

"न विचारता आत शिरेल त्याला हुसकून दार लावायचं," मोठ्या बाई कपाटाकडे बघून म्हणाल्या. चष्मा नव्हता ना. "पोरांना खिचडीच्या थाळ्या बडवायला सांगायचं. थाळ्या वाजल्या की गाव काठ्या घेऊन धावतं."

शनिवारी साहेब आले. न विचारता वर्गात शिरले. गुरुजींनी त्यांना ओळखलं, वाकून नमस्कार केला, बाहेर ढकललं आणि दार लावलं. थाळ्या वाजल्या. गाव धावलं. साहेब पाण्याच्या टाकीवर चढले.

"डोळ्यांना काय दिसतं ते लिहा," गुरुजी म्हणाले.

पोरं खिडकीशी गेली. भराभर लिहू लागली. साहेब टाकीवर बसले आहेत. अख्खं वाक्य.

गुरुजींचे डोळे भरून आले. ते पाट्या घेऊन टाकीखाली गेले आणि एकेक उंच धरू लागले.

साहेबांनी वरूनच वाचलं. "वाक्य पूर्ण आहे. आता शिडी आणा, मी उतरतो."

"आता नको, साहेब," गुरुजींनी हात जोडले. "आमची हौशी अजून 'टाकीवर'पर्यंतच आली आहे. तुम्ही उतरलात तर तिचं खोटं होईल."

साहेबांनी टाकीवर मांडी घातली. हौशीनं पेन्सिल ओली केली, आणि तेवढ्यात तिकडून मोठ्या बाई कपाटाला हाक मारत— आले हं आई, ही