परसातला झरा

एक होता माणूस. राजा नव्हता हं. राजांना कुठली एवढी माया! त्याचं नाव रावजी. घरात बायको भागीरथी आणि तीन मुलगे. शेतातलं काम उरकलं की रावजी भाकरी बांधून घ्यायचा. एक पोर खांद्यावर, दोघं बोटाला धरून, की चालला डोंगरावर. कुठल्या जाळीत ससा राहतो, कुठल्या झाडाला मोहोळ लागतं, सगळं पोरांना दाखवायचा. वर एक झरा होता. झऱ्याशी एक धोंडा. फडकं सोडलं की पहिला घास त्या धोंड्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "डोंगरबाबा, आधी तू जेव." मग बापलेक जेवायचे.

डोंगर काही फुकट खात नव्हता, बरं का. थोरला पोटात होता तेव्हा भागीरथीला करवंदांचे डोहाळे लागले. महिना पौषाचा. पौषात कुठली करवंदं? पण रावजी वर गेला, तर एक जाळी काळीभोर लगडलेली. मग पुढे मधला तापाने फणफणला. तेव्हा एक वानर झाडावरून उतरलं, रावजीच्या हातावर मुळी ठेवून निघून गेलं. ताप उतरला. मग एका उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या. धाकटा पाण्यासाठी रडायला लागला. रावजी झऱ्याशी जाऊन डोक्याला हात लावून बसला. झरा म्हणाला, "ऊठ, मी येतो तुझ्याबरोबर." रावजी पुढे, झरा मागे. खळखळत आला तो थेट परसात. आणि तिथेच राहिला.

त्या पाण्यावर सुपारीची बाग झाली. पोरं मोठी झाली, नवं घर झालं. रावजी म्हातारा झाला, तरी काठी टेकत डोंगरावर जायचाच. एकदा पाय घसरून पडला. तेवढंच निमित्त. मुलगे म्हणाले, "काय ठेवलंय त्या डोंगरात? पुन्हा पडलात तर लोक आम्हाला नावं ठेवतील." मग त्यांनी चांगला पलंग आणला, मऊ गादी आणली आणि खोलीला बाहेरून कडी घातली. खिडकी होती, पण ती गोठ्याच्या भिंतीवर उघडायची. दूध, तूप, सगळं वेळच्या वेळी. माझा जीव जळतो तो ह्याच्यामुळेच. काही कमी नव्हतं हो त्याला!

रावजी थोरल्याला म्हणाला, "बाळा, एकदा वर ने रे. धोंडा उपाशी असेल."

"पेरणी होऊ द्या, आबा."

मग मधल्याला म्हणाला. तो म्हणाला, "लग्नसराई उरकू द्या."

मग धाकट्याला म्हणाला. तो लाडका ना! तो म्हणाला, "उद्या नेतो."

भागीरथी रोज बोलायची, पण तिचं ऐकतो कोण? आणि एक दिवस रावजी त्या भिंतीकडे बघत बघत मेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली नाही, असं मानतात. झाड कावळ्यांनी भरलेलं, पण एक खाली उतरेना. थोरला म्हणाला, "आबा, आईला अंतर देणार नाही." कावळे हलेनात. मधला म्हणाला, "आम्ही भाऊ वेगळे होणार नाही." हलेनात. धाकटा म्हणाला, "तुमच्या नावाने गावजेवण घालतो." एक कावळा तर पाठ फिरवून बसला. बघा, खांद्यावर बसून डोंगर हिंडलेली पोरं! एकाच्याही तोंडून डोंगराचं नाव निघालं नाही. मग भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू." मुलगे म्हणाले, "हो, हो, ऊन चढलं."

तेवढ्यात भागीरथी आली. बायका तिथे येत नसत. ती आली. म्हणाली, "गवताच्या कावळ्याने ह्यांची समजूत काढता? लाज नाही वाटत?" तिने पिंड पदरात घेतला. "चला हो, मी नेते तुम्हाला." आणि ती घरावरून डोंगराची वाट चालू लागली.

मग काय झालं? परसातला झरा उठला. भागीरथी पुढे, झरा मागे. धोंड्यावर तिने पिंड ठेवला, म्हणाली, "आधी तू जेव." तिचा हात मागे यायच्या आत कावळा शिवला. भागीरथी तिथे बसून पोटभर रडली, मग घरी आली. झरा काही आला नाही.

मग सगळे सुखाने राहू लागले. राहतीलच, सगळं करून ठेवलेलं होतं बापाने. फक्त पाणी तेवढं वरून आणावं लागे. तिघे भाऊ रोज कळशा घेऊन डोंगर चढत. पेरणी असो, लग्नसराई असो. आता बरी सवड मिळाली!

चला, डोळे मिटा. आणि बाळा, माझी ती खिडकी उघड रे जरा. उद्या नको, आत्ता.